आठ महिन्यांत दुसरी क्लच प्लेट

गाडी ओरडत होती आणि चढत नव्हती. दिंडोरीहून नाशिकला येताना म्हसरूळच्या अलीकडे जो चढ लागतो, तिथे मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज एकदम वाढला, आरपीएमचा काटा तरातरा वर गेला आणि वेगाचा काटा मात्र चाळीसवर ढिम्म. मागून एक पिकअप रिकामे क्रेट घेऊन येत होती. तिच्या ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काही काढला नाही. मी आरशात बघून त्याला दोन शिव्या दिल्या, पण काच बंद असल्यामुळे त्या मलाच ऐकू आल्या. मग तो वास आला. गॅसच्या बर्नरवर केस पडून जळला की येतो तसा.

वास ओळखीचा होता, म्हणूनच तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या मे महिन्यात हाच वास आला होता आणि मे महिन्यातच या गाडीची क्लच प्लेट नवी बसवली होती. आता जानेवारी होता. आठ महिने म्हणजे काय टिकणं झालं? माझ्या स्वयंपाकघरातला झाडूसुद्धा त्याहून जास्त दिवस जातो.

क्लच प्लेट म्हणजे काय हे मला मेपर्यंत माहीत नव्हतं. वीस-बावीस वर्षं मी गाडी चालवते, पण बॉनेटच्या आत काय चालतं याच्याशी माझा संबंध शाळेच्या ऑफिसात नोकरी करताना शिक्षण खात्याशी येतो तेवढाच, लांबचा. आता मात्र मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. इंजिन फिरतं, त्याची ताकद गिअरकडे आणि तिथून चाकांकडे जाते, आणि मध्ये एक चकती असते. पेडल सोडलं की ती चकती इंजिनाला घट्ट धरते, दाबलं की सोडते. ती झिजली की धरल्यासारखं करते, पण धरत नाही. इंजिन बिचारं जीव तोडून फिरत राहतं आणि चाकांना त्याचा पत्ताच नसतो.

गाडी माझी नाही, आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील. सारी हयात ओझरच्या विमानाच्या कारखान्यात नोकरी केली, आणि नोकरीच्या आधी, नोकरीनंतर आणि प्रत्येक सुट्टीच्या दिवशी दिंडोरीजवळच्या मळ्यात द्राक्षं. चार वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून मळ्यातल्या दोन खोल्यांत ते एकटे राहतात. बाग आता वाट्याने दिली आहे, पण सकाळी उठून ओळीओळीतून फिरल्याशिवाय आणि वाटेकऱ्याला दोन चुका दाखवल्याशिवाय त्यांना चहा जात नाही.

आईचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. आप्पा, मी आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ पुण्याला असतो. तो म्हणाला, आता इथे एकटं राहायचं नाही. मीही तेच म्हणणार होते. आप्पांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जवर मी माझी गाडी चालवत नाशकात येतो, तवर मला इथून हलवायचं नाय. ज्या दिवशी गाडी चालवता येनार नाय, त्या दिवशी पिशवी भरून हिच्याकडं येतो. भांडान नाय, तंटा नाय."

मी लगेच हो म्हटलं. भावाने जड जीवाने हो म्हटलं. तेव्हापासून ती गाडी म्हणजे नुसती गाडी राहिली नाही. दर बुधवारी ते स्वतः गाडी चालवत माझ्या सोसायटीत यायचे, पार्किंगमध्ये दोन हॉर्न वाजवायचे आणि मेथीची जुडी नाहीतर घोसाळी हातात घेऊन लिफ्टमधून वर यायचे. ते दोन हॉर्न वाजले की मी मनातल्या मनात भावाला सांगायची, बघ.

म्हणून क्लच घसरला तेव्हा मी हबकले ती काही चढावर अडकल्यामुळे नव्हे. मला भावाचा फोन आत्ताच ऐकू येत होता.

आणि तो आलाच. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. आप्पांनीच सांगितलं, निरागसपणे, की गाडी वढत नाय म्हणून बाई नाशकात घेऊन गेलीय.

"ताई, परत क्लच?" तो म्हणाला.

"मेकॅनिकने प्लेट हलकी घातली असेल."

"की चालवणाऱ्याचं काही होतंय?"

"काय होतंय?"

"वय चौऱ्याहत्तर आहे. शुगर आहे. मी फक्त विचारतोय."

"डोळे तपासलेत सहा महिन्यांपूर्वी. डॉक्टरांनी शाबासकी दिली. तू पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

मी फोन ठेवला आणि मग हॉलमध्ये अर्धा तास त्याच्याशी एकटीच भांडत राहिले. नवरा म्हणाला, "अगं तो शांतपणे विचारत होता." मी म्हटलं, "शांतपणे विचारतो त्याचाच राग येतो मला." नवऱ्याने पेपर उघडला.

आता खरं तर सरळ पंचवटीतल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे जायला हवं होतं. पण प्लेट त्यानेच बसवलेली. चोराला चोरीचा तपास कसा द्यायचा, असं माझं डोकं चाललं. म्हणून मी गाडी द्वारका चौकापलीकडे एका दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली. तिथला मालक खुर्चीतून उठलासुद्धा नाही. त्याने एका माणसाला आत बसवलं, पेडल दोनदा दाबायला लावलं आणि म्हणाला, "मॅडम, केबल ताणलीय. क्लच पूर्ण धरत नाही म्हणून घसरतोय. ॲडजस्ट करून देतो." पंधरा मिनिटांत काम झालं. मी खुशीत. किती साधी गोष्ट होती, आणि लोक उगाच म्हाताऱ्या माणसापर्यंत पोचतात. भावाला मेसेज टाकला, केबल होती. त्याने अंगठा पाठवला.

चार दिवस गाडी बरी चालली. मी ती आप्पांना परत दिली. पाचव्या दिवशी त्यांचा फोन. "बाई, दिंडोरीच्या बाजारातून येताना पार बसली गं. चालत जानारा मानूस पुढं गेला माझ्या."

मी शाळेतून अर्धी रजा टाकली, बसने मळ्यात गेले आणि ती गाडी दुसऱ्या गिअरच्या वर न नेता, रडतखडत पंचवटीपर्यंत आणली. एवढ्याशा अंतराला दीड तास लागला. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण काच खाली करून मला सांगत होता की गाडीतून वास येतोय. जणू काही मला नाकच नाही.

पंचवटीतला मेकॅनिक पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस आहे. मी काही बोलायच्या आत त्याने चावी घेतली, गाडी भिंतीकडे तोंड करून उभी केली, हँडब्रेक गच्च ओढला, चौथा गिअर टाकला आणि थोडा ॲक्सिलरेटर देत क्लचवरचा पाय हळूहळू सोडला. मला म्हणाला, "ताई, बघा हां. क्लच चांगला असेल तर गाडी आत्ता गचका देऊन बंद पडेल." पाय पूर्ण सुटला. गाडी बंद पडली नाही. जागच्या जागी उभी राहून गुरगुरत राहिली. त्याने चावी फिरवली आणि खाली उतरला.

"प्लेट गेली," तो म्हणाला.

"मला माहितीय गेली. का गेली ते सांगा. आठ महिने झालेत."

"उघडल्याशिवाय कसं सांगू?"

"उघडा मग. माझ्यासमोर उघडा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी नऊला तिथे जाऊन स्टुलावर बसले. त्याने बॅटरी काढली, खालून काय काय सोडवलं, गिअरबॉक्स उतरवायला दुपार झाली. मधे मी दोन वेळा चहा पाजला, एवढ्यासाठीच की त्याने नजरेआड काही करू नये. शेवटी त्याने ती चकती काढून माझ्या हातात दिली. दोन्ही बाजूंचा खरखरीत थर जवळजवळ संपला होता, आतले रिव्हेट वर आले होते. जिच्यावर ती दाबली जाते त्या लोखंडी तबकडीवर निळे-जांभळे डाग पडले होते. तापून पडतात, तो म्हणाला. ऑईल गळून प्लेट ओली झाली का हेही त्याने बोट फिरवून दाखवलं. ऑईल अडवणारं सील कोरडं ठणठणीत होतं.

"म्हणजे प्लेट हलकी होती," मी म्हटलं.

"प्लेट कंपनीचीच आहे. हा शिक्का बघा." मग त्याने एक बेअरिंग उचललं आणि माझ्या कानाशी नेऊन फिरवलं. आत वाळू भरल्यासारखी खरखर. "ताई, हे फिरतं कधी, तर पेडलवर पाय असला की. पाय काढला की ते आराम करतं. या बेअरिंगला आठ महिन्यांत आराम मिळालेला नाही. कोणीतरी सगळा वेळ क्लचवर पाय ठेवून चालवतंय. जोराने नाही, नुसता टेकवून. पण तेवढ्यानेही प्लेट अर्धवट सुटलेली राहते, घासते, तापते."

"कोणी नाही तसं चालवत."

"बाबा ट्रॅक्टर चालवायचे ना? फवारणीला बागेच्या ओळीतून ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने न्यायचा असतो. हाफ क्लच, हाफ क्लच. त्या लोकांचा पाय खाली उतरतच नाही. दिंडोरीकडच्या निम्म्या गाड्या याच कारणाने माझ्याकडे येतात. तुम्ही त्यांना सांगून बघा."

हे सगळं तो शांतपणे सांगत होता. आणि शांतपणे बोलणाऱ्याचाच मला राग येतो, हे आधी सांगितलंच आहे. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. गॅरेजमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर मी म्हटलं की बेअरिंगच डुप्लिकेट असणार, शिक्के काय बाजारात विकत मिळतात, आणि स्वतःचं काम कच्चं निघालं की म्हाताऱ्या माणसावर ढकलायचं हा तुमचा धंदा झालाय. ज्या माणसाने उभं आयुष्य विमानाचे पार्ट तपासण्यात घालवलं, त्याला तुम्ही पाय कुठे ठेवायचा ते शिकवणार का?

त्याने हात पुसले, नवा सेट बसवला, संध्याकाळी गाडी दिली. चावी देताना एवढंच म्हणाला, "भांडण नको, ताई. पण पायाकडे एकदा लक्ष ठेवा. नाहीतर सप्टेंबरात परत भेटू."

मी गाडी घेऊन थेट मळ्यात गेले आणि चप्पल काढायच्या आधी विचारलं, "आप्पा, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता का?"

ते ओट्यावर बसून लसूण सोलत होते. पाकळी बोटांत धरून क्षणभर थांबले. मग म्हणाले, "नाय."

"तो मेकॅनिक म्हणतो ठेवता."

"नाय ठेवत," ते म्हणाले आणि पाकळी सोलू लागले.

ते थांबले ते मी पाहिलं होतं. पण मला वाटलं, ते दुखावले. त्यांना असा प्रश्न विचारायला लावला म्हणून मला त्या मेकॅनिकचा आणखी राग आला. मी तिथेच उभी राहून त्याचा उद्धार केला. द्वारकेच्या केबलवाल्याचा केला. मग भावाचा केला, की तो टपून बसलाय, एक कारण मिळायची खोटी, उचलून नेईल तुम्हाला. "पण मी आहे," मी म्हटलं, "मी बघते कोण काय म्हणतंय." आप्पा मान हलवत होते. लसूण संपला तरी साली चिवडत बसले होते.

पुढचे दोन बुधवार ते आले नाहीत. पहिल्या बुधवारी म्हणाले, वाटेकऱ्याला डिपिंग करायचं होतं, घड औषधात बुडवायचे होते. दुसऱ्या बुधवारी म्हणाले, थंडी लय हाय. नवी प्लेट वाचवायला जपून चालवत असतील, असं मी धरून चालले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच फोन केला.

"बाई, तुझ्या मोबाइलात शुटिंग होतं ना?"

"होतं की. का?"

"रविवारी ये. पायापाशी मोबाइल लावू. मी गाडी चालवतो. पाय कुढं राहतो ते दिसंल."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. हे मला कसं सुचलं नाही? पुरावा. तो व्हिडिओ मी त्या मेकॅनिकच्या डोळ्यांसमोर धरणार होते, आणि नंतर भावाला पाठवणार होते. खाली काय लिहायचं तेही मी बसमध्ये ठरवून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी मी गुडघे टेकून गाडीत शिरले आणि डॅशबोर्डच्या खाली, गिअरच्या बाजूला, पॅकिंगच्या टेपने मोबाइल चिकटवला. टॉर्च लावली. तेव्हा दिसलं की क्लचच्या पेडलवरचं रबर नाहीये, नुसता लोखंडी पत्रा आहे. आप्पा म्हणाले, हलत होतं म्हणून काढून टाकलं दिवाळीच्या सुमारास. मग त्यांनी दार उघडलं, चपला काढल्या, मागच्या सीटखाली ठेवल्या आणि अनवाणी आत बसले. हे त्यांचं पहिल्यापासूनचं. दसऱ्याला जिला हळदकुंकू लावतो, हार घालतो, तिच्यात चपला घालून बसायचं नाही. लक्ष्मी हाय, म्हणतात. आई त्यांना हसायची. मला मात्र ते आवडायचं, आमच्या सोसायटीतले लोक चिखलाचे बूट घेऊन लाखांच्या गाड्यांत चढतात ते बघून तर जास्तच.

आम्ही मळ्यातून निघालो, दिंडोरीच्या चौकापर्यंत गेलो आणि परत आलो. रस्त्यावर फारशी गर्दी नव्हती. ते छान चालवत होते. वळणावर इंडिकेटर, गतिरोधकावर दुसरा गिअर, सगळं जिथल्या तिथे. मी शेजारी बसून पायाकडे वाकून बघायचा प्रयत्न केला, पण मधल्या खोक्यामुळे गुडघ्याखालचं काही दिसत नव्हतं. सरळ रस्ता लागला, चौथा गिअर पडला, तेव्हा मी व्हिडिओसाठी म्हणून मुद्दाम मोठ्याने विचारलं, "आप्पा, आता पाय कुठे आहे?"

"खाली," ते म्हणाले. "मॅटवर."

परत आल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. मी मोबाइल आडवा धरला, आप्पांनी चष्मा लावला.

व्हिडिओ स्पष्ट होता. टॉर्चच्या उजेडात दोन पाय. उजवा ॲक्सिलरेटरवर, शहाण्यासारखा. डावा क्लचवर. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. प्रत्येक वेळी पेडल खाली जायचं, वर यायचं, आणि पाय त्याच्याबरोबर वर यायचा आणि तिथेच राहायचा. चौथा पडला. पाय तिथेच. तळव्याचा पुढचा भाग त्या उघड्या पत्र्यावर टेकलेला, टाच हवेत. पेडल थोडंसं दबलेलं दिसत होतं. मग माझा आवाज आला, आप्पा, आता पाय कुठे आहे? आणि त्यांचा आवाज, खाली, मॅटवर. हे ऐकू येत असताना पाय पेडलवर होता. जराही हलला नाही.

मी व्हिडिओ थांबवला.

"परत लाव," आप्पा म्हणाले.

मी परत लावला. त्यांनी पुन्हा सगळा बघितला, कारखान्यात एखादा पार्ट उजेडाला धरून बघत असतील तसा, घाई न करता. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते नव्हतं याचीच मला भीती वाटायला लागली.

"आप्पा, पाय दाखवा," मी म्हटलं.

"कशाला?"

"डावा पाय वर करा. माझ्या मांडीवर ठेवा."

"पोरीच्या मांडीवर कोन पाय ठेवतं?"

मी ऐकलं नाही. खाली बसले आणि त्यांचा पाय उचलून घेतला. अंगठ्याच्या मागे, तळव्याच्या फुगीर भागावर, जिथे तो पत्रा लागत असणार बरोबर तिथे, एक जखम होती. रुपयाच्या नाण्याएवढी. कडा पांढऱ्या, सुजलेल्या, आत काळपट आणि ओलं. भोवती मळ्यातली माती चिकटलेली. मी कडेला बोट लावलं. त्यांचा पाय आखडला नाही. मी जरा दाबलं. ते माझ्या तोंडाकडेच बघत होते, मी दाबलंय हे त्यांना कळलंच नव्हतं.

"किती दिवस झाले हे?"

"काय?"

मी पायाचा फोटो काढून त्यांना दाखवला. त्यांना वाकून आपला तळवा बघता येत नाही, पाठ साथ देत नाही. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "दुखत नाय," ते म्हणाले. मग पुन्हा, मला धीर द्यावा तसे, "खरंच दुखत नाय गं."

तीन आठवडे मी बेअरिंग कानाला लावून ऐकत होते. जळालेली प्लेट हातात घेऊन तिचे रिव्हेट मोजत होते. सील, केबल, शिक्का, सगळं तपासलं. डोळे तपासून घेतले होते, त्याची शाबासकी भावाच्या तोंडावर मारली होती. साखर पायात उतरते, पाय बधिर करते, हे माझ्या शाळेतल्या शिपायालाही माहीत असेल. मला सुचलं नाही, कारण मला ते सुचू द्यायचंच नव्हतं. मला जिंकायचं होतं. मी स्वतःवर इतकी चिडले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

रुमाल ओला करून मी तो पाय पुसला, वर स्वच्छ धडपं बांधलं. घरात जाऊन त्यांचे चार कपडे, गोळ्यांचा डबा आणि फाईल घेतली. वाटेकऱ्याला हाक मारून घराची किल्ली दिली. आप्पांना आधार देऊन गाडीपाशी आणलं तर ते सवयीने उजवीकडे वळले, मग थांबले आणि स्वतःच डावीकडे गेले. मी त्यांना चपला काढू दिल्या नाहीत.

नवी प्लेट मस्त धरत होती. म्हसरूळच्या अलीकडचा चढ गाडी चौथ्यातच चढली. दवाखान्यात पोचल्यावर भावाला फोनवर काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. म्हसरूळ मागे पडल्यावर आप्पा म्हणाले, "त्या मेकॅनिकला फोन कर. मानूस बरोबर होता."

"करते."

"वंगाळ बोललीस तू त्याला."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच तर सांगितलं. ओट्यावर उभी राहून."

मग जे विचारायचं टाळत होते ते विचारलं. "आप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"पक्कं नव्हतं ना. दिवाळीपासून वाटत होतं. पाय उचलला का नाय, तेच कळंना. एकदा उतरून बघितलं तर अंगठ्याचं नख निघालेलं, रगत वाळलेलं. कधी निघालं, काय की. म्हनून तर म्हटलं, मोबाइल लाव. मला बघायचं होतं. त्याला दाखवायला नाय."

"मग सांगायचं ना मला. दिवाळीत सांगायचं. त्या दिवशी मी विचारलं तेव्हा सांगायचं. नाही का म्हणालात?" माझा आवाज पुन्हा चढला होता. सिग्नल लागला, मी ब्रेक मारला.

आप्पा समोरच्या काचेतून बघत होते. "तू माझ्यापायी लय भांडत होतीस, बाई," ते म्हणाले. "सगळ्यांशी. मग मी कधी सांगू?"